काडी कोणी मोडायची

चंद्रभागा: नाही येत मी. तू जा, नि सांग त्यांना, सासूचं डोकं दुखून राह्यलं म्हणून.

मनीषा: तुमच्याशिवाय मठात जाऊन मी काय करू, आई? काडी तुम्हाला मोडायची आहे, मला नाही.

चंद्रभागा: मग पुढच्या टायमाले जाऊ.

मनीषा: पंच रोज बसत नाहीत. पौर्णिमेलाच बसतात. मागच्या पौर्णिमेला तुमचा गुडघा धरला होता. त्याच्या आधी मठाचे गिरधरबाबा रावेरला गेले होते, म्हणून सुटलात. आज गुडघा पण ठीक आहे नि बाबा पण गावात आहेत. उठा, ते पांढरं लुगडं नेसा.

चंद्रभागा: धुतलेलं नाही ते.

मनीषा: सकाळीच धुतलं मी. वाळलं पण. इस्त्री केली. आपल्या पंथात इस्त्रीचं घालत नाहीत, तरी केली. आज एक दिवस चालेल.

चंद्रभागा: तुले लई घाई झाली.

मनीषा: संतोष जाऊन अकरा वर्षं झाली नि मला घाई झाली?

चंद्रभागा: त्याचं नाव घेऊ नको घरात. मठानं सांगितलंय.

मनीषा: मठानं काय काय सांगितलंय ते मला पाठ आहे. ज्यानं पंथ सोडला त्याचं ताट वेगळं. त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याला आपल्या हातचं द्यायचं नाही, त्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. जो पिईल त्याचं पण ताट वेगळं. सगळं सोडायचं त्याचं. फक्त मी त्याची बायको म्हणून राहायचं.

चंद्रभागा: कोर्टानं मोकळं केलं ना तुले.

मनीषा: कोर्टाला मठ विचारतो का? गिरधरबाबांना तो निकाल दाखवायला गेले तर त्यांनी हातात पण घेतला नाही. म्हणाले, बाई, आपल्यात काडीमोड काडीनंच होतो. नवऱ्यानं पंचांसमोर बसून शेतातल्या पऱ्हाटीची काडी मोडली तर बायको सुटते. मी म्हटलं, मग बोलवा त्याला, नेपानगर काही लांब नाही. तर म्हणाले, त्याचं ताट वेगळं आहे, तो पंचांसमोर बसू शकत नाही. मतलब मला ज्यानं सोडायचं त्याला येऊ द्यायचं नाही, नि तो येत नाही म्हणून मला सोडायचं नाही.

चंद्रभागा: म्हणून तर आईवर टाकलं त्यांनी.

मनीषा: हो. नवरा नसला तर त्याच्या आईनं मोडली तरी चालते. आधी दोन वाक्यं बोलायची नि मग मोडायची. दोन वाक्यं, आई. एवढ्यात तुम्ही भाजीवाल्याशी भाव पण करत नाही.

चंद्रभागा: तूच म्हणून दाखव.

मनीषा: मी?

चंद्रभागा: हाव. कशी आहेत ती, म्हण ना.

मनीषा: माझा मुलगा मेला. तो गेला त्या दिवसापासून मी त्याला माझ्या हातचं दिलं नाही आणि त्याच्या हातचं खाल्लं नाही.

चंद्रभागा: सोपं गेलं तुले. तुले लेकरू नाही.

मनीषा: बरं.

चंद्रभागा: मनीषा. तसं नव्हतं म्हणायचं मले.

मनीषा: तसंच म्हणायचं होतं. राहू द्या. लेकरू कुठून असणार? लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तर तुमचा मुलगा मिलच्या ऑफिसातल्या वंदनाबरोबर निघून गेला. भर दुपारी. मी पोळ्या करत होते. सायकलीत हवा भरून येतो म्हणाला. मी त्याची पोळी तव्यावर फिरवत बसले, येईल आता, येईल आता. तुम्हीच येऊन गॅस बंद केला.

चंद्रभागा: आठवते मले.

मनीषा: तेव्हा मी एवढी रडले की शेजारच्या दिगंबरदादांनी डॉक्टरला आणलं. आणि आता मला त्याचं तोंड पण नीट आठवत नाही. आपल्यात फोटो काढत नाहीत, लग्नाचा पण नाही काढला. ज्याच्यासाठी रडले तो दिसायचा कसा, तेच विसरले मी.

चंद्रभागा: आता टक्कल पडलं त्याले.

मनीषा: असं?

चंद्रभागा: म्हणजे, कोणी सांगत होतं.

मनीषा: कोण सांगत होतं? गुडघ्याचा वैद्य?

चंद्रभागा: तू काय बोलून राह्यली ते मले समजत नाही.

मनीषा: दर मंगळवारी तुम्ही नेपानगरला जाता, वैद्याकडे. तेल लावून घ्यायला.

चंद्रभागा: हाव. चांगला हात आहे त्याचा.

मनीषा: वैद्याला कळण्याच्या भाकरी लागतात का? तुम्ही म्हणता, माझ्यापुरत्या दे, मी चार थापते नि चारही जातात. तुम्हाला एक जड होते. डबा घरी येतो तो घासलेला येतो, आणि तुम्ही डबा घासून आणणाऱ्यातल्या नाही. मागच्या वेळी त्यात केसाला लावायचं गुलाबी रबर निघालं. लहान पोरीचं. मी ते तुमच्या पिशवीत परत ठेवलं, हरवलं म्हणून ती रडत असेल म्हणून.

चंद्रभागा: कधीपासून माहीत आहे तुले?

मनीषा: ती पोर चालायला लागली तेव्हापासून. तुमच्या लुगड्याला मागून चॉकलेटचे हात असायचे. मी साबण लावून काढायचे.

चंद्रभागा: आणि तू गप राहिली.

मनीषा: मग काय करायचं होतं? मठात जाऊन सांगू, आईंचं पण ताट वेगळं करा म्हणून? मग मी जेवायला कोणाबरोबर बसू?

चंद्रभागा: माझी नात आहे वं ती. मी दारात गेली की पिशवीत तोंड घालते, आजी, काय आणलं. मी जेवते बी तिथं. वंदना वाढते. वाईट बाई नाही ती.

मनीषा: ते मला नका सांगू.

चंद्रभागा: बरं, नाही सांगत. पण आता तूच सांग. मंगळवारी त्याच्या घरी जेवून मी आज पंचांसमोर बसू, नि मेला म्हणू? खोट्याचं मले काही वाटत नाही. एवढी वर्षं खोटंच बोलून राह्यली मी. ते दुसरं वाक्य मी दहा वेळा म्हणते, त्याले दिलं नाही, त्याचं खाल्लं नाही. पण पहिलं माझ्या तोंडातून निघत नाही. काल मोरीत उभी राहून म्हणून पाहिलं. जीभच उचलत नाही. जित्या पोराले आई मेला म्हणते, नि वरून काडी मोडते. काही झालं त्याले तर?

मनीषा: काही होत नाही.

चंद्रभागा: तुले काय माहीत?

मनीषा: त्यानं मला जे केलं त्याचं त्याला काही झालं नाही, तर एका काडीनं काय होणार?

चंद्रभागा: तू शाप देऊन राह्यली.

मनीषा: नाही. शाप द्यायचे दिवस गेले. मी फक्त म्हणते की त्याला काही होऊ नये म्हणून मी किती दिवस असंच राहायचं? सवाष्ण म्हणून कोणी ओटी भरत नाही, विधवा म्हणून कोणी सांभाळून घेत नाही. मंगलकार्यात मला मागच्या खोलीत भाजी चिरायला बसवतात. दुखवट्याला मात्र पुढे. का, तर ही रडते चांगलं.

चंद्रभागा: लोकांचं काय घेऊन बसतेस.

मनीषा: एक विचारू? रागावू नका. मी गेले की तुम्हाला भाकरी कोण करून देईल, त्याच्यासाठी तर नाही ना हे सगळं?

चंद्रभागा: थोडं त्याच्यासाठी बी आहे.

मनीषा: बरं झालं बोललात.

चंद्रभागा: खोटं काहून बोलू. म्हातारी आहे मी. पण ते आपलं थोडंसं. खरं हेच की मेला म्हणवत नाही. आणि तू मले सांग, लग्न करायला त्या मास्तरमध्ये एवढं काय पाहिलं तू?

मनीषा: लिंबू.

चंद्रभागा: काय?

मनीषा: मतदार यादीच्या कामाला आम्हा शाळेतल्या लोकांना असीरगढला पाठवायचे ना, तेव्हाची गोष्ट. घाटात मला बस लागते. पहिल्या दिवशी मी खिडकीतून ओकले, सगळ्या स्टाफसमोर. कोणी हसलं, कोणी नाकाला रुमाल लावला. हे काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घाट लागला तर मागच्या सीटवरून हात आला पुढे. रुमालात अर्धं कापलेलं लिंबू. मग रोज. काम संपलं, शाळा सुरू झाली, आता घाट नाही नि बस पण नाही. तरी त्यांच्या खिशात लिंबू असतं. मी एकदा विचारलं, सर, हे कशाला? तर म्हणाले, सवय झाली. आई, आजपर्यंत माझी सवय कोणालाच झाली नव्हती. तुमच्या मुलालाही नाही.

चंद्रभागा: माणूस चांगला आहे. त्याची बायको मंगला अंथरुणाला होती तेव्हा तिची वेणी बी तोच घालायचा. पाहिलंय मी.

मनीषा: मग झालं तर. माझं वय चाळिशीला आलं. पुन्हा कोणी लिंबू घेऊन येणार नाही. तुम्ही एकदा डोळे मिटा नि म्हणून टाका.

चंद्रभागा: कडी वाजून राह्यली. पाय कोण आहे ते.

(मनीषा दार उघडते. भास्करमास्तर आत येतात, चपला दारातच काढतात.)

भास्कर: नमस्कार, काकू. म्हटलं, आपण बरोबरच जाऊ मठात. रिक्षा बुधवाऱ्याच्या कोपऱ्यावर उभी केली आहे, गल्लीत येत नाही म्हणाला. वाटेत शनवाऱ्यापर्यंत गर्दी फार आहे, तेव्हा आता निघालेलं बरं.

चंद्रभागा: बसा, मास्तर.

भास्कर: बसायला वेळ नाही. गिरधरबाबा वेळेचे पक्के आहेत. पण बसतो.

मनीषा: आई येत नाही म्हणतात, सर.

भास्कर: का? प्रकृती ठीक नाही?

चंद्रभागा: ठणठणीत आहे. माझ्या पोराले मी मेला म्हणत नाही, एवढंच.

भास्कर: काकू, असं आहे की ते फक्त शब्द आहेत. विधी आहे तो. आमच्या शाळेत मुलं रोज सकाळी हात पुढे करून शपथ घेतात, आम्ही सगळे भाऊभाऊ आहोत. पहिल्या तासाला एकमेकांची डोकी फोडतात. शब्दांनी काही होत नाही.

चंद्रभागा: तुमची लेक दीपाली कशी आहे?

भास्कर: उत्तम. का?

चंद्रभागा: म्हणा, ती मेली.

भास्कर: काकू.

चंद्रभागा: म्हणा ना. शब्दच आहे.

भास्कर: नाही म्हणवत.

चंद्रभागा: मग झालं.

मनीषा: बरोबर आहे त्यांचं. मघापासून मी त्यांच्या मागे लागले होते, पण बरोबर आहे. सर, त्यांना राहू द्या. आपण कोर्टात करू.

भास्कर: काय करू?

मनीषा: लग्न. माझ्या घटस्फोटाचा निकाल झालेला आहे, तुमच्याकडे मंगलाताईंच्या मृत्यूचा दाखला आहे. अर्ज दिला की महिनाभरात होतं. मी चौकशी करून ठेवली आहे. पंचांना विचारायचंच नाही.

भास्कर: तुम्ही रागात आहात.

मनीषा: राग सकाळी होता. आता नाही.

भास्कर: आपलं ताट वेगळं होईल, मनीषा.

मनीषा: होऊ द्या. दोघं एका ताटात जेवू.

भास्कर: तू हे किती सहज बोलतेस.

चंद्रभागा: बोला, तू म्हणा तिले. माझ्यासमोर तुम्ही-तुम्ही करून अवघडून राह्यले होते.

भास्कर: काकू, माफ करा. मनीषा, वैशाखात दीपालीचं लग्न आहे. रावेरला, पंथातल्याच घरी. नवऱ्या मुलाचे, गौरवचे वडील तिथल्या पंचांत आहेत.

मनीषा: माहीत आहे. मग वैशाखानंतर करू. मी थांबते.

भास्कर: नंतर ती त्यांच्या घरात असेल. माझं ताट वेगळं झालं तर तिला माहेरी पाठवणार नाहीत. पहिल्या बाळंतपणाला ती जाईल कुठे? आई तर नाहीच तिला.

मनीषा: मग बाळंतपणानंतर?

भास्कर: तू चेष्टा करतेस.

मनीषा: मी तारीख विचारते आहे.

भास्कर: तारीख कशी सांगू? आमच्या सुरेशदादाचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यानं मुलाचं लग्न पंथाबाहेर केलं, दुसरा काही गुन्हा नाही. ताट वेगळं झालं. त्याची धाकटी अजून घरात आहे. एमएस्सी झालेली मुलगी, स्थळ म्हणून कोणी दारात उभं राहत नाही. बाहेरचे म्हणतात हे पंथवाले, पंथवाले म्हणतात हे बाहेरचे. मी तिचा सख्खा काका. दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जातो नि परत येतो. तुला वाटतं मला हे सोपं जातं?

मनीषा: नाही वाटत. सोपं असतं तर मला विचारावंच लागलं नसतं.

भास्कर: मग थोडं समजून घे.

मनीषा: समजून घेते. पण एक गोष्ट बोलून टाकते, नाहीतर ती आतच सडेल. संतोषनं माझं वाटोळं केलं. मला न सांगता गेला, तोंड पण दाखवलं नाही. पण वंदनासाठी त्यानं आई सोडली, घर सोडलं, पंथ सोडला. मला सोडलं ते मी धरतच नाही, ते त्याला जड गेलं नसेल. ज्यानं मला काही दिलं नाही त्यानं एका बाईसाठी एवढं केलं, सर. आणि माझ्यावर ज्याचा जीव आहे तो म्हणतो, आधी पंचांना विचारू.

भास्कर: हे अन्यायाचं बोलणं आहे.

मनीषा: असेल.

भास्कर: माझा जीव आहे तुझ्यावर. हे मी तुला एकटीलाही कधी बोललो नाही, आज काकूंसमोर बोलतो. मंगला गेल्यावर मला वाटलं होतं, आता शाळा, घर नि दीपालीचं लग्न, संपलं. तू आलीस नि मला सकाळी लवकर जाग यायला लागली. खोटं नाही सांगत. पण मी भितो, मनीषा. माझा स्वभावच भित्रा आहे.

चंद्रभागा: भ्यायला काय झालं, मास्तर. मी बी भितेच ना. पौर्णिमेले मठात जाऊन डोकं टेकते नि मंगळवारी नेपानगरले पोराकडं जाऊन जेवते. भीत भीत जेवते, पण जेवते.

भास्कर: कोणाकडे जेवता?

चंद्रभागा: माझ्या संतोषकडं.

भास्कर: काकू, काय बोलताय तुम्ही? कधीपासून?

चंद्रभागा: लई वर्षं झाली. नात झाली तेव्हापासून.

भास्कर: आणि तुला हे माहीत होतं?

मनीषा: होतं.

भास्कर: आणि तुम्ही दोघी रोज एकत्र जेवता. म्हणजे तुझंही...

मनीषा: हो. नियमानं हे घर कधीचंच बाहेर आहे.

भास्कर: दिवाळीला मी इथे जेवलो.

मनीषा: जेवलात ना.

भास्कर: दीपालीपण होती.

मनीषा: तिला मांडे आवडले. आईंनी डबा भरून दिला, तुम्ही घरी नेलात. आणि तुमच्या घरी तिच्या साखरपुड्याला गिरधरबाबा जेवले, रावेरचे सगळे जेवले. नियम खरा धरला तर सगळा मठ बाहेर आहे, सर. पाया पडायला वाकते ना मी बाबांच्या, तेव्हा मला आतून हसू फुटतं. म्हणते, बाबा, तुमचं ताट कोणी वेगळं करायचं?

भास्कर: हे अजून कोणाला माहीत आहे?

मनीषा: काय?

भास्कर: हे नेपानगरचं. तुमच्या दोघींशिवाय अजून कोणाला माहीत आहे का?

मनीषा: हे विचारलंत तुम्ही?

भास्कर: साधा प्रश्न आहे. मंगळवारी गाडीत ओळखीचं कोणी असू शकतं. शनवाऱ्यातली किती माणसं नेपानगरच्या मिलला रोज अप-डाऊन करतात. काकूंना कोणी त्या घरात जाताना पाहिलं असेल तर?

मनीषा: मला वाटलं होतं, तुम्ही हसाल.

भास्कर: हसेन?

मनीषा: हो. मनात धरून ठेवलं होतं मी. लग्न झालं की एखाद दिवशी निवांत बसून तुम्हाला हे सांगायचं. आधी तुम्ही चमकाल, मग हसाल. मग दोघं हसू, पोट दुखेपर्यंत. किती वेळा मी हे मनात करून पाहिलंय.

भास्कर: यात हसण्यासारखं काय आहे? रावेरच्या लोकांच्या कानावर गेलं तर उद्या सुपारी परत येईल. काकू, मी हात जोडतो. आता तर तुम्ही यायलाच हवं. पंचांसमोर ती दोन्ही वाक्यं म्हणा, काडी मोडा. पंचांसमोर आईनं एकदा म्हटलं की त्यावर कोणी शंका घेत नाही, तसा रिवाजच आहे. मग नेपानगरला तुम्हाला कोणी पाहिलं असेल तरी त्याचं कोणी ऐकणार नाही. सगळं झाकलं जाईल.

मनीषा: त्यांनी हे कशासाठी म्हणायचं? आपल्या लग्नासाठी, का दीपालीच्या?

भास्कर: दोन्हींसाठी.

मनीषा: आधी कुठल्या?

भास्कर: असं विचारू नये माणसाला.

मनीषा: नाही विचारत.

भास्कर: मी बाप आहे तिचा, मनीषा.

मनीषा: आहात ना. तुमच्या जागी कोणीही बाप हेच म्हणाला असता. म्हणून तर तुमच्यावर मला धड रागावता पण येत नाही. संतोषवर निदान पोटभर रागावता आलं.

भास्कर: मग उठा दोघी. अजून वेळ गेलेली नाही.

मनीषा: तुम्ही जा, सर. बाबांना सांगा, सासूला बरं नाही.

भास्कर: आणि पुढच्या पौर्णिमेला?

मनीषा: नेपानगरचं माझ्या तोंडून कोणाला कळणार नाही. आईंच्या पण नाही. दीपालीचं लग्न चांगलं होऊ द्या. घाबरू नका.

भास्कर: मी ते विचारलं नव्हतं.

मनीषा: तेच विचारलं होतंत, सर. मघाशी. सगळ्यात आधी.

भास्कर: मला थोडा वेळ दे. मी विचार करतो, काही मार्ग निघेल. उद्या शाळेत बोलू आपण.

मनीषा: शाळेत तर भेटूच. जाणार कुठे.

भास्कर: येतो, काकू.

चंद्रभागा: या, मास्तर. पायरी पाहून उतरा, एक फुटलेली आहे.

मनीषा: दार लावू का?

चंद्रभागा: राहू दे उघडं. वारा येऊन राह्यला. तू इथं बस माझ्यापाशी.

मनीषा: बसते.

चंद्रभागा: रडायचं असलं तर रड.

मनीषा: येत नाही. तेव्हाच सगळं संपलं असेल. दुसऱ्या खेपेला काही शिल्लक ठेवायला पाहिजे होतं.

चंद्रभागा: तो बी वाईट नाही वं. पोरीसाठी जीव भ्याला त्याचा. माझा नाही का भीत माझ्या पोरासाठी? मी मेला म्हणत नाही, नि तो म्हणतो, पोरीचं मोडेल. एकच झालं ना ते?

मनीषा: एकच झालं.

चंद्रभागा: मग माझ्यावर नाही रागावत तू. त्याच्यावर काहून?

मनीषा: तुमच्याशी मला लग्न नव्हतं करायचं, आई.

चंद्रभागा: हं. गेला का तो? पाय बरं.

मनीषा: कोपऱ्यावर आहेत अजून. रिक्षावाल्याशी काही बोलतायत.

चंद्रभागा: मग हाक मार त्याले.

मनीषा: कशाला?

चंद्रभागा: हाक मार म्हटलं ना. थांबा म्हणावं, येऊन राह्यलो आम्ही. आणि मले हात दे उठायला.

मनीषा: आई, काय करताय?

चंद्रभागा: येते मी मठात. म्हणते, मेला. एकदाच तर म्हणायचं. नंतर देवाले सांगीन मी, ते खोटं होतं, माझ्या सुनेसाठी म्हटलं, धरू नको. देवाले बी आई असेल. नेपानगरले नाही जाणार मग मी. नात मोठी झाली की येईल तिची ती, आली तर. तुझं तोंड पाहवत नाही मले. एकानं माझ्या पोटातल्यानंच तुले टाकलं, आता दुसरं लग्न बी माझ्यामुळंच राहायचं का तुझं? उठव मले.

मनीषा: बसा.

चंद्रभागा: अवं, म्हणते म्हटलं ना. दोन महिन्यांपासून तू हेच मागून राह्यली होती. जाईल तो आता.

मनीषा: जाऊ द्या.

चंद्रभागा: लग्न झालं की विसरशील तू सारं. चांगलं ठेवील तो तुले.

मनीषा: माहीत आहे. चांगलंच ठेवलं असतं. आज सकाळी तुम्ही हो म्हणाला असतात ना, आई, तर मी संध्याकाळपर्यंत मोकळी झाले असते. मग लग्न झालं असतं, सुखानं राहिले असते मी त्यांच्याबरोबर. मरेपर्यंत वाटलं असतं की हा माणूस माझ्यासाठी काहीही करेल. मला कधी कळलंच नसतं.